एमएस आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल: गोळीने मेंदूला धोका?

प्रश्न (कोथरूड): वहिनींना एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे, वय ४४. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८, ट्रायग्लिसराइड २१०. मायेलिनला (मज्जातंतूंवरच्या आवरणाला) कोलेस्टेरॉल लागतं म्हणतात. मग स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घेतलं तर नुकसान होईल का?

उत्तर १: ती भीती काढून टाका. शरीरातलं २० ते २५ टक्के कोलेस्टेरॉल मेंदूत असतं, बहुतेक मायेलिनमध्येच; पण ते मेंदू स्वतः बनवतो, रक्तातलं एलडीएल तिथे पोचत नाही. उलट बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखूने रक्तवाहिन्या बिघडल्या की एमएसमध्ये चालणं लवकर अवघड होतं. १५८ अंगावर काढू नका.

उत्तर २: पण स्टॅटिन हे एमएसचं औषध नव्हे. २०१४ च्या चाचणीत सिम्वास्टॅटिन या स्टॅटिनच्या ८० मिग्रॅने मेंदू आकसण्याचा वेग ४३ टक्क्यांनी घटला, केवढी आशा वाटली होती! पुढे ९६४ रुग्णांच्या चाचणीत अपंगत्व वाढायचं काही कमी झालं नाही. तेव्हा ८० चा आग्रह नको, स्नायूंना धोका जास्त. मांड्या ठणकल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा, सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी) करा. ‘एमएसचाच अशक्तपणा’ म्हणून बसू नका, चूक होते ती इथेच.

उत्तर ३: एमएसच्या झटक्यात देतात ते स्टिरॉइडचं सलाइन नुकतंच झालंय का? मग रिपोर्ट फसवा असू शकतो. दीड-दोन महिन्यांनी, १२ तास उपाशीपोटी पुन्हा करा, सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी). बेकरीची वनस्पती तुपातली खारी आधी बंद. चालायला एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत जा. अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढतात.