मराठी शब्द उलटा केल्यावर वेलांटी दुसऱ्याच अक्षराला का लागते?

प्रश्न
मी नुकतीच पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला सुरुवात केली असून, शब्द उलटा करणे आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच वाचला जातो का हे तपासणे, असे स्ट्रिंगवरचे (म्हणजे चिन्हांच्या मालिकेवरचे) दोन स्वाध्याय सोडवत आहे. स्ट्रिंग उलटी करणारे [::-1] वापरल्यावर 'सरस' आणि 'कडक' बरोबर ठरतात. मात्र 'नवजीवन' उलटा केला की 'नवीजवन' येते, आणि 'मराठी' उलटा केल्यास सुरुवातीलाच सुटी वेलांटी दिसते. या तीन अक्षरी शब्दाची लांबीही ५ येते. माझे कोठे चुकते आहे?

प्रतिसाद १
तुमचे काहीही चुकलेले नाही. आपण ज्याला अक्षर म्हणतो ते पायथनला ठाऊक नसते. तो युनिकोडमधील (प्रत्येक लिपिचिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतील) सुटी चिन्हे मोजतो. म, र, काना, ठ, वेलांटी अशी ती पाच चिन्हे आहेत. क्रम उलटला की वेलांटीला आधी व्यंजनच उरत नाही आणि 'र'चा काना 'ठ'ला जाऊन चिकटतो.

प्रतिसाद २
उपाय असा, की आधी शब्दाची अक्षरे पाडावीत आणि मग अक्षरांची यादी उलटी करावी. एक रिकामी यादी घेऊन चिन्हे एकेक वाचत जा; पायथनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलने सांगितलेला चिन्हाचा वर्ग 'एम'ने सुरू होत असेल (म्हणजे ते काना, वेलांटी यांसारखे जोडून येणारे चिन्ह असेल), तर ते यादीतील शेवटच्या घटकाला जोडा, अन्यथा नवा घटक सुरू करा. जोडाक्षरांसाठी आणखी एक अट लागते: शेवटच्या घटकाचा पाय मोडलेला असेल, तर पुढचे व्यंजनही त्यालाच जोडावे. ही अट असल्यास 'नमस्कार' उलटा होऊन 'रस्कामन' मिळते. चिन्हे नुसती उलटल्यास 'राक्समन' होते. तयार लायब्ररी आहेत, तरीही हा लूप एकदा स्वतः लिहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण स्ट्रिंग म्हणजे काय हे त्यातूनच नीट उमगते.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. 'नवजीवन' आता बरोबर ठरते, आणि मधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्यावर 'ती होडी जाडी होती' हेही जुळले. 'चिमा काय कामाची' मात्र अजूनही जुळत नाही.

प्रतिसाद २
ते जुळणारही नाही, कारण आरंभीचा 'चि' ऱ्हस्व आहे आणि शेवटचा 'ची' दीर्घ. कानाला हा फरक जाणवत नसला, तरी ती दोन वेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे तुमचा प्रोग्राम योग्य तेच उत्तर देत आहे. ऱ्हस्व-दीर्घ एकच मानायचे असल्यास तुलनेपूर्वी दीर्घ वेलांटीच्या जागी रिप्लेसने ऱ्हस्व वेलांटी घालावी. परंतु ते मूळ स्ट्रिंगमध्ये होत नाही, रिप्लेस नवी स्ट्रिंग परत देते, म्हणून ती चलात साठवण्यास विसरू नका.