नारासाठी खाजगी गाईड घ्यावा का?

प्रेषक: क. दे., योकोहामा

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

ऑक्टोबरच्या अखेरीस माझे सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत. क्योतो पाहून झाल्यावर एक पूर्ण दिवस नारासाठी राखून ठेवला आहे. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत, त्यामुळे ‘हे कोणी बांधले, का बांधले आणि पैसा कुठून आला’ हे प्रश्न जागोजागी येणार हे ठरलेलेच आहे. सासूबाईंचे गुडघे मात्र फार चालू देत नाहीत. आमच्या घरातले म्हणणे असे की सगळी माहिती फोनवर मिळत असताना खाजगी गाईडवर एवढा खर्च कशाला करायचा? ज्यांनी नारात गाईड घेऊन पाहिला आहे, त्यांनी कृपया आपले मत कळवावे.

आपली,
क. दे.

प्रेषक: म. जो., ओसाका

ताई, नमस्कार.

गाईड अवश्य घ्यावा, पण दिवसभरासाठी नव्हे, आणि हरणांसाठी तर मुळीच नव्हे. नाराच्या उद्यानातली हजाराहून अधिक हरणे बिस्किटांचा वास लागताच आपणहून तुम्हाला शोधत येतील. गाईडचा अर्धा दिवस तोदाई-जी मंदिर आणि नारामाची ही जुनी वस्ती या दोनच ठिकाणी खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोदाई-जीचा महाबुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे, एवढे फोनही सांगतो. परंतु समोर जे दिसते ते सगळे एका काळातले नाही, ते कुठले काय आहे हे दाखवायला जाणकार माणूस लागतो. ११८० मध्ये ताइरा घराण्याच्या सैन्याने नारा जाळले तेव्हा आणि पुन्हा १५६७ च्या लढाईत हे मंदिर आगीत सापडले. मूर्तीचे आजचे मस्तक सतराव्या शतकाच्या अखेरचे आहे, भोवतीचे लाकडी मंदिर १७०९ मध्ये पुरे झालेले आहे आणि तेही मूळच्यापेक्षा रुंदीला बरेच कमी आहे. आठव्या शतकातल्या म्हणाव्यात अशा आसनाच्या कमळाच्या काही पाकळ्या मात्र उरल्या आहेत. त्यांच्यावर बारीक रेघांनी कोरलेली बुद्धचित्रे खालून नीट दिसत नाहीत. आमच्या गाईडबाईंनी पिशवीतून त्यांचे मोठे केलेले फोटो काढले, एकेक कागद आमच्या डोळ्यांसमोर धरला आणि मग ती पाकळी नेमकी कुठली ते बोटाने दाखवले. त्यानंतर आमच्यातले कोणी तिथून हलायला तयार होईना.

आपल्या सासऱ्यांच्या प्रश्नांना तिथे भरपूर खाद्य आहे. ७३५ ते ७३७ या काळात देवीच्या साथीने जपानमध्ये हाहाकार माजवला होता, त्यानंतर ७४३ मध्ये सम्राट शोमू यांनी या मूर्तीचा संकल्प जाहीर केला. त्या फर्मानात त्यांनी म्हटले होते की ज्याला गवताची एक काडी किंवा मूठभर माती आणून हातभार लावायचा असेल, त्याला तो लावू द्यावा. ग्योकी नावाचे भिक्षू, ज्यांना पूर्वी सरकारनेच दटावले होते, ते गावोगाव फिरून मदत गोळा करू लागले. मुलामा देण्यासाठी सोने कमी पडत होते, तोच ७४९ मध्ये उत्तरेकडच्या मुत्सु प्रांतात सोने सापडले.

आणि ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान मिळाला तो बोधिसेन या भारतीय भिक्षूला, जो चीनमार्गे ७३६ मध्ये जपानात येऊन पोहोचला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि त्या कर्माचे पुण्य सर्वांना लाभावे म्हणून जमलेल्या लोकांनी ते धरले होते. तो कुंचला शोसोइन या भांडारात आजही जतन केलेला आहे. आगीनंतर दुरुस्त केलेल्या मूर्तीचे डोळे ११८५ मध्ये निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांनी रेखले, तेही याच कुंचल्याने. हे सगळे सांगून झाल्यावर जवळच्या होक्के-दो मंदिरात घेऊन चला, असे गाईडला आधीच सुचवावे. तिथे मुख्य मूर्ती अमोघपाश अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची आहे आणि तिच्या परिवारात आपले ब्रह्मा आणि इंद्र चिनी वेषात उभे आहेत. आत शांतता पाळावी लागते, त्यामुळे चांगला गाईड सगळे दाराबाहेरच सांगून टाकतो आणि मग आपल्याला गप्प बसून पाहू देतो.

आता भाषेविषयी. सरकारी परवान्याची गाईड परीक्षा दहा परदेशी भाषांमध्ये होते. त्यांत इंग्रजी आहे, थाई आहे, पण हिंदी किंवा मराठी नाही. म्हणजे दुभाष्याचे काम आपल्यालाच करावे लागणार आणि तासाभराच्या माहितीला दोन तास लागणार. ठिकाणे कमी ठेवा असे मी म्हणतो ते प्रामुख्याने यासाठी. २०१८ पासून परवाना नसलेल्या व्यक्तीलाही मोबदला घेऊन हे काम करता येते, फक्त ‘परवानाधारक’ हे बिरूद लावता येत नाही. त्यामुळे आरक्षणापूर्वी एक-दोन नेमके प्रश्न विचारून समोरच्याचा अंदाज घ्यावा.

आपला,
म. जो.

प्रेषक: शु. ब., कोबे

नमस्कार.

काकांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु खर्चाचा विचार करता नारातल्या स्वयंसेवी गाईडांचा पर्यायही सांगितला पाहिजे. त्यांना मानधन द्यावे लागत नाही, प्रवासखर्च आणि कुठे प्रवेशशुल्क असल्यास तेवढे आपण द्यायचे असते. यांत निवृत्त झालेली, मनापासून आवड असलेली मंडळी पुष्कळ असतात. उलट आम्ही एकदा पैसे मोजून घेतलेल्या गाईडने गौतम बुद्ध कोण होते हे आम्हालाच अर्धा तास समजावून सांगितले आणि उरलेला वेळ एका भेटवस्तूंच्या दुकानात घालवला. म्हणून कोणालाही नेमले तरी ‘आम्ही भारतीय आहोत, प्राथमिक ओळख नको, खरेदी नको’ हे आधीच लेखी कळवावे.

नारामाचीत गांगो-जी मंदिराचे छप्पर मागच्या बाजूने पाहायला विसरू नका. राजधानी नाराला हलल्यावर ७१८ मध्ये आसुकाहून हे मंदिर इथे आणले गेले आणि त्याबरोबर आणलेली काही कौले आजही छपरावर आहेत. तांबूस, राखाडी, काळपट अशी रंगीबेरंगी कौले शेजारी शेजारी दिसतात. एरवी हे छप्पर न पाहताच माणसे पुढे निघून जातात. तिथल्या घरांच्या वळचणीला टांगलेली लाल कापडी माकडे घरावरचे संकट स्वतःवर घेतात, अशी श्रद्धा आहे. सासूबाईंना हे लगेच उमजेल, आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची बांधतातच की.

तोदाई-जीच्याच आवारातल्या निगात्सु-दो मंदिराच्या सज्जातून सगळे नारा दिसते, पण तिथे पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघ्यांचा विचार करून ठरवावे. जेवणाबाबत एवढेच सांगते की भाज्यांच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. घरचे शाकाहारी असतील तर जेवणाची जागा गाईडकडूनच आधी ठरवून घ्यावी.

स्नेहपूर्वक,
शु. ब.

प्रेषक: क. दे., योकोहामा

काका आणि शुभाताई, मनःपूर्वक आभार.

घरात चर्चा होऊन सकाळचे चार तास परवानाधारक गाईड घ्यायचा आणि दुपारी कुठे बसून विश्रांती घ्यायची असे ठरले आहे. बोधिसेनाचे नाव ऐकल्यापासून सासरे फोनवर रोज काहीतरी नवे विचारत आहेत. त्यांचा आजचा प्रश्न असा की तो कुंचला प्रत्यक्ष पाहता येईल का? आणि दिवसाच्या शेवटी गाईडला वर काही बक्षिसी द्यायची पद्धत आहे का?

प्रेषक: म. जो., ओसाका

शोसोइनची इमारत फक्त बाहेरून पाहता येते. आतल्या वस्तूंपैकी निवडक वस्तूंचे प्रदर्शन दर वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीपासून साधारण दोन आठवडे नारा राष्ट्रीय संग्रहालयात भरते. वस्तू दर वर्षी बदलतात, त्यामुळे कुंचला असेलच याची खात्री देता येणार नाही, पण तारखा तुमच्या मुक्कामाशी जुळत आहेत, तेव्हा यादी जाहीर झाली की पाहून घ्यावी. तिकिटे दिवस आणि वेळ ठरवून आधीच घ्यावी लागतात आणि शनिवार-रविवारची लवकर संपतात, म्हणून मधला वार निवडावा. बक्षिसीची पद्धत जपानमध्ये नाही, तिने समोरच्याला संकोचच होतो. ठरलेली रक्कम पाकिटात घालून द्यावी, गाईडच्या प्रवेशशुल्काचे पैसे आपण भरावेत, आणि दिवाळीच्या आसपास येताच आहात तर चकल्यांची एक छोटी पुडी सोबत ठेवावी. क्योतोहून निघताना मात्र किंतेत्सु रेल्वेनेच या, कारण तिचे नारा स्थानक जेआरच्या (जपान रेल्वेच्या) स्थानकापेक्षा उद्यानाला बरेच जवळ आहे आणि सासूबाईंचे चालणे तेवढेच वाचेल.