चर्चा : मेमरीच्या टंचाईने आपल्याला खरोखर चांगले प्रोग्रामर केले का?

(तळटीप, पेनवाला, बिनतारी आणि कानामात्रा ही चर्चेत भाग घेणाऱ्यांची टोपणनावे आहेत.)

तळटीप

जुन्या मोबाइलसाठी सॉफ्टवेअर लिहिलेल्या मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमच्या वेळी चौसष्ट केबीत अख्खा खेळ बसवावा लागे, म्हणून आम्ही शिकलो." २००४ च्या सुमारास पुण्यातल्या एका लहान कंपनीत मीही जे२एमईवर, म्हणजे छोट्या फोनांसाठीच्या जावावर, खेळ लिहीत होतो, पण हे वाक्य मला पटत नाही.

नोकियाच्या सुरुवातीच्या सीरिज ४० फोनांवर ६४ केबीहून मोठी जार फाइल (अख्खा प्रोग्राम बांधलेले गाठोडे) चालत नसे, हे खरे आहे. प्रत्येक जादा क्लासमुळे (जावा प्रोग्रामच्या तुकड्यामुळे) जार फुगते, म्हणून आम्ही सगळा खेळ दोन-तीन क्लासमध्ये कोंबत असू. ऑबफस्केटर हे साधन लावून कोडमधली नावे एकाक्षरी करत असू. प्रत्येक पीएनजी चित्राला स्वतःचे हेडर आणि स्वतःचा रंगतक्ता लागतो, म्हणून सगळी चित्रे एकाच लांब पट्टीत जोडत असू. सीएलडीसी १.० मध्ये, म्हणजे फोनांवरच्या जावाच्या पायाभूत भागात, अपूर्णांकाला जागाच नव्हती, त्यामुळे चेंडूची गती २५६ ने गुणून पूर्णांकात ठेवावी लागे. या युक्त्या शिकायला मला फार तर दोन महिने लागले असतील.

नोकरीतला उरलेला काळ गेला तो फोनाफोनांतले फरक निस्तरण्यात. पडद्याखालच्या डाव्या-उजव्या कळांचे आकडे नोकियावर उणे ६ आणि उणे ७, तर सीमेन्सवर उणे १ आणि उणे ४. पडदा कुठे १२८ बाय १२८, कुठे १२८ बाय १६०, तर नोकियाच्या सीरिज ६० वर १७६ बाय २०८. त्यावरच्या थरात, म्हणजे एमआयडीपी १.० मध्ये, खेळासाठी आवाजाची सोयच नव्हती, त्यामुळे प्रत्येक उत्पादकाचे स्वतंत्र एपीआय (फोनच्या सोयी वापरण्याच्या आज्ञा) वापरावे लागत. "एकदा लिहा, कुठेही चालवा" हे जावाचे ब्रीद, आणि आमच्याकडे एकाच खेळाचे तीसहून अधिक बिल्ड, म्हणजे वेगवेगळ्या फोनांसाठीच्या आवृत्त्या. ही काटकसरीची शाळा होती असे मला वाटत नाही. दुसऱ्यांचा गलथानपणा पोटात घालण्याची ती सवय होती.

पेनवाला

तुमच्या तक्रारीशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. मी पामवर, म्हणजे पेनने चालणाऱ्या हातातल्या छोट्या संगणकावर, काम केले आहे. १९९६ च्या पामच्या पायलट १००० मध्ये एकूण १२८ केबी मेमरी, १६ मेगाहर्ट्झचा मोटोरोला प्रोसेसर आणि १६० बाय १६० चा कृष्णधवल पडदा होता. टंचाई तुमच्याइतकीच होती, तरीही ते यंत्र वापरायला सुखाचे होते, आणि माझ्या मते ते टंचाईमुळेच तसे झाले.

एकच उदाहरण देतो. पामवर नोंद ज्या मेमरीत साठवलेली असे, तिथल्या तिथेच ती बदलली जाई, कारण तिची दुसरी प्रत करायला जागा नव्हती. त्यामुळे 'सेव्ह' हे बटणच उरले नाही. वापरणाऱ्याने दुसरे ॲप उघडले की आपला प्रोग्राम तत्क्षणी आवरता घ्यावा लागे, आणि तो परत आला की जिथे सोडले होते तिथेच त्याला नेऊन ठेवावे लागे. पामचे जनक जेफ हॉकिन्स यंत्र तयार होण्याआधी खिशात लाकडाचा ठोकळा घेऊन हिंडत आणि बैठकीत तो काढून त्यावर लिहिण्याचा आव आणत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. काय गाळायचे हे त्यांनी आधी ठरवले. तुमच्या फोनांच्या बाबतीत ते कोणीच ठरवले नाही, आणि तो दोष टंचाईचा नव्हे.

तळटीप

पामचे यंत्र आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम एकाच घरातली होती, हे आपण ओघात विसरलात. ज्या घरात एकच स्वयंपाकी असतो, तिथे मीठ दोनदा पडत नाही.

बिनतारी

दोघेही मेमरीवरच अडला आहात, तारेविना होणाऱ्या दळणवळणाचे काय? १९९९ च्या पाम सात या बिनतारी यंत्रावर वेबपानाचा साचा आधीच यंत्रात ठेवलेला असे आणि हवेतून केवळ उत्तर येई, कारण सुरुवातीच्या मूळ योजनेत महिन्याला मिळत अवघे ५० केबी. त्याच वर्षी आलेल्या नोकिया ७११० वर वॅपचे (फोनवरच्या साध्या वेबचे) पान, फोनला समजेल अशा रूपात भाषांतरित होऊन आल्यावर, सुमारे १.४ केबीच्या आत बसवावे लागे. जोडणी ९.६ केबीपीएसची, बहुधा डायल करून केलेली, आणि बिल मिनिटांवर. पान येईपर्यंत मीटर चालूच.

आता जपान पाहा. तिथे डोकोमो या फोन कंपनीची आय-मोड ही मोबाइल इंटरनेट सेवाही १९९९ मध्येच सुरू झाली, पण पैसे मिनिटांवर नव्हते, आलेल्या-गेलेल्या डेटाच्या पाकिटांवर होते. जानेवारी २००१ मध्ये ५०३आय फोनांच्या मालिकेवर जावा ॲप आली तेव्हा मर्यादा होती १० केबी. तळटीप, तुमच्या चौसष्टपेक्षा कितीतरी कमी! पण फोन कसा असावा हे डोकोमो उत्पादकांना सांगत असे, आणि अधिकृत सेवांच्या वसुलीतून स्वतःकडे ९ टक्के ठेवून बाकीचे पैसे लिहिणाऱ्याला देत असे. आपल्याकडे त्या काळी मोठा वाटा ऑपरेटरच्याच घशात जाई, हे या धंद्यात असलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. तेव्हा मेमरी निर्दोष आहे आणि उत्पादकही निम्मेच दोषी आहेत. तिजोरीची किल्ली कोणाकडे होती ते आधी विचारा.

कानामात्रा

बिनतारी यांचे हिशेब बरोबर आहेत, पण "मेमरी निर्दोष" हे मला मान्य नाही, कारण टंचाई सर्वांना सारखी नव्हती.

आम्ही शेतमालाचे बाजारभाव दाखवणारे एक ॲप मराठीत करत होतो. इंग्रजी ॲपला अक्षरे फोनच्या रॉममधून (कायमच्या मेमरीतून) फुकट मिळत. आमच्या हाती असलेल्या बहुतेक फोनांत देवनागरी फॉन्टच नव्हता, त्यामुळे अक्षरांच्या जागी चौकोन उमटत. जिथे फॉन्ट होता, तिथेही ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसे. शेवटी आम्ही सारी मुळाक्षरे, काने-मात्रा आणि अर्धी अक्षरे एका चित्रपट्टीत काढली आणि जुळणीचे नियम स्वतः लिहिले. ही पट्टी आणि तिची सारणी मिळून सुमारे १४ केबी गेले. म्हणजे इंग्रजीवाल्याला चौसष्ट आणि आम्हाला पन्नास. एसएमएसचेही तेच : त्याच १४० बाइटांत इंग्रजीची १६० अक्षरे मावत आणि युनिकोड मराठीची ७०, शिवाय त्यात काना, मात्रा आणि हलन्त हे प्रत्येकी वेगळे मोजले जात.

पेनवाला म्हणतात, काय गाळायचे ते आधी ठरवावे. ठरवले की! पहिला वार मराठीवर पडला. वरिष्ठांनी विचारले, "रोमन लिपीत 'कांदा' लिहिला तर शेतकऱ्याला कळणार नाही का?"

पेनवाला

कानामात्रा, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पामवर मी कधी मराठी लिहिलेच नाही. नोंदी इंग्रजीतच ठेवत असे आणि त्यात काही वावगे आहे असेही तेव्हा वाटले नाही. तरीही जागा कमी होती म्हणूनच तुम्ही जुळणीचे नियम इतके आटोपशीर लिहिलेत, एवढे मी म्हणेन.

तळटीप

नियम आटोपशीर झाले असतील, पण ते फोनमध्येच असते तर कोणालाही लिहावे लागले नसते. एक विचारतो : रफाराचे काय केलेत? तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, आणि वर मात्रा असली की दोन्हींची टक्कर होते.

कानामात्रा

रफार बसलाच नाही. डेमोची तारीख जवळ आली होती, म्हणून आम्ही शब्दच बदलले. 'वर्ष' काढून 'साल' केले, 'मार्केट' काढून 'बाजार'. मार्च महिन्याला मात्र दुसरे नाव सापडेना, तेव्हा बाराही महिने आकड्यांत छापले.