सताप आणि संताप

प्रश्न : इंग्रजीत 'रू' म्हणजे पश्चात्ताप, आणि 'रू' नावाचं एक झुडूपही आहे. तेच आपलं सताप. मग सतापाचा संतापाशी काही संबंध?

– काही नाही, नुसता कानाला होणारा भास. संताप संस्कृत, 'तप्' धातूतला. सताप आला अरबी-फारसी 'सदाब'वरून. झुडूप मूळचं बाल्कनकडचं, लॅटिन नाव रूटा. इंग्रजी 'रू' त्यातूनच फ्रेंचमार्गे आला. पश्चात्तापाचा 'रू' मात्र जर्मानिक कुळातला, वेगळाच शब्द. गंमत म्हणजे दोन्ही भाषांत हा घोटाळा आपापला झालाय. 'हॅम्लेट'मध्ये वेड लागलेली ऑफेलिया फुलं वाटताना सताप देते आणि थोडा स्वतःला ठेवते, तो याच श्लेषावर. मराठी अनुवादकाला सताप-संताप आयता मिळतो खरा, पण तिथे राग नकोय, हळहळ हवी. पंचाईतच!

– आमच्या आजीच्या कुंडीत होता. निळसर हिरवी, बारीक पानं. सर्दी झाली की दोन पानं चुरडून फडक्यात बांधून हुंगायला द्यायची. वास इतका उग्र की नाक आपोआप मोकळं व्हायचं.

– नाकाचं जाऊ द्या, तिकडे विषावर उतारा म्हणून खायचे. काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस, त्याच्या उताऱ्याची कृती रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलीय : 2 सुके अक्रोड, 2 अंजीर, सतापाची 20 पानं, मिठाचा कण, सगळं एकत्र कुटायचं. इटलीत अजूनही ग्राप्पा या दारूच्या बाटलीत सतापाची डहाळी बुडवून ठेवतात. आणि नेपल्सकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळांना चांदीचा 'चिमारूटा' घालत. अर्थ सरळ, सतापाचा शेंडा.

– इराणात दृष्टीसाठी जाळतात तोच ना हा?

– नव्हे, तो हरमल. इंग्रजीत त्याला 'सिरियन रू' म्हणतात, म्हणून गल्लत होते. सताप लिंबाच्या गोतातला. लिंबू, बेल, कवठ, कढीपत्ता यांच्या कुळाला रूटेसी म्हणतात ते याच्याच नावावरून. लिंबावरची फुलपाखरं यावरही अंडी घालतात, त्यांना नातं बरोबर कळतं.

एक मात्र सांगतो. याचा रस अंगाला लागून ऊन लागलं तर फोड येतात, आणि गरोदर बाईने हा अजिबात पोटात घेऊ नये. जुनं औषध असलं तरी.

बाकी आमच्याकडे 'तो सताप'. कुणाकडे 'ती सताप' म्हणतात का?