चौघांत लक्ष कुठे द्यायचं?
एकाने विचारलंय की स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (पाश्चात्य शास्त्रीय संगीतातली चार तंतुवाद्यांची चौकडी) चार वाद्यं एकदम वाजताना ऐकायचं कोणाला. पिंपळपारावर पाडवा पहाट ऐकणाऱ्या आपल्या नाशिककरांचा कान गायकाकडे लागलेला, बाकीची साथ. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, व्हियोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं), चेलो (त्याहून मोठं, खर्जातलं) असतात आणि नुसता साथीला असा कोणीच नसतो.

संगीतकार हायडनच्या ओपस ७६ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधल्या तिसऱ्या क्वार्टेटचा (१७९७) दुसरा भाग लावा. एकच संथ धून आधी पहिल्या व्हायोलिनवर, मग दुसऱ्याकडे, मग चेलोकडे, नंतर व्हियोलाकडे जाते आणि शेवटी परत पहिल्याकडे येते. धून तशीच राहते, भोवतालचे स्वर बदलतात. चेलोची पाळी तर अप्रतिमच! मात्र हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर चेलोचा खर्ज हरवतो.