लंडन ते न्यूयॉर्क: सहा तास की आठ?

आत्या: अरे, लंडनच्या हीथ्रो विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळापर्यंतचं अंतर साइटवर शोधलं. एकीकडे ५,५४०, दुसरीकडे ३,४४०, तिसरीकडे २,९९०! वेळ सहा तास दहा मिनिटं म्हणतात. खरं काय धरू?

काका: तिकिटावर सकाळी ११ ला सुटून दुपारी २ ला पोहोचतंय. तीनच तास?

दादा: नाही काका, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. न्यूयॉर्कचं घड्याळ ५ तास मागे, म्हणजे प्रवास ८ तासांचा. (मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या शेवटी आठवडाभर हा फरक ४ तासांचा होतो, तेव्हा जपून.)
आत्या, तिन्ही आकडे बरोबर आहेत. ५,५४० किलोमीटर, ३,४४० मैल आणि २,९९० नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, वैमानिक तोच वापरतात.

काकू: पण नकाशात विमान वर कॅनडाकडे वळलेलं दिसतं. सरळ का जात नाही?

दादा: काकू, तेच सरळ आहे! पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडूनच जातो. सपाट कागदावर ती रेघ वाकडी दिसते.

आत्या: मग सहा तास दहा मिनिटं कुठून आली?

दादा: अंतराला ताशी ९०० किमीने भागलं, बस. त्यात वारा नाही, धावपट्टीपर्यंतची रांग नाही, उतरण्याआधीच्या घिरट्या नाहीत. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. आणि या मार्गावर वाराच मोठा. साधारण १० किमी उंचीवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना ताशी १०० किमीचा वारा समोरून आला तर जमिनीच्या हिशोबाने वेग ८०० उरतो, हवेतच जवळजवळ सात तास. येताना तोच वारा पाठीशी, मग साडेपाच.

काका: म्हणून परतीचं तिकीट ७ तासांचं दाखवतंय होय!

दादा: हो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं होतं. अटलांटिकवरचे मार्गसुद्धा रोज वारा बघून नव्याने आखतात. त्यामुळे साइटवरचा भागाकार धरून पुढचं विमान अजिबात बुक करू नकोस आत्या, मला खरंच काळजी वाटते. तिकिटावरचीच वेळ धर.

आत्या: बरं. मग लेकीला न्यायला २ ला बोलवू?

दादा: नको गं. २ ला विमान गेटला लागेल. पुढे इमिग्रेशन, मग बॅगा. साडेतीन सांग, आणि फ्लाइट नंबर पाठवून ठेव, म्हणजे उशीर झाला तर तिला मोबाइलवर दिसेल.

आत्या: पाठवते आत्ताच.