मुळाजवळचे जिवाणू फक्त नत्रच देत नाहीत

जिवाणू म्हणजे हवेतला नत्र आणून देणारे, बास, असं बरेच जण म्हणतात, ते खरंय पण अर्धंच. ते काम डाळवर्गीय पिकात रायझोबियम नावाचा जिवाणू करतो, आणि तो करतोय का हे बघायचं असेल तर रोप अलगद उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा, आत गुलाबी-लालसर दिसली की काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

पण बाकीच्या पिकांत गाठी नसल्या तरी झाड मुळातून साखर, आम्लं सोडत असतं आणि त्यावर जिवाणू जगतात. त्यातले काही सेंद्रिय आम्लं सोडून मातीत कॅल्शियमला चिकटून बसलेलं फॉस्फरस मोकळं करतात (मातीत भरपूर असूनही पिकाला मिळत नाही ते हेच), काही ऑक्सिन (झाडाच्या वाढीचं संप्रेरक) बनवतात त्यामुळे बारीक मुळं वाढतात, आणि स्युडोमोनास नावाचा जिवाणू तर लोह स्वतःकडे ओढून रोगाच्या बुरशीला उपाशी ठेवतो. मला हे फार भारी वाटतं.

आणि प्लीज, बीजप्रक्रिया (पेरणीआधी बियाण्याला औषध, जिवाणू लावणं) करताना बुरशीनाशक आधी, जिवाणूंचं कल्चर सगळ्यात शेवटी, आणि बियाणं सावलीतच सुकवा, उन्हात जिवाणू मरतात.